ज्वारीत मुगाचा तास: नागपूरजवळच्या एका पेरणी सेवेची पारख

ज्वारीच्या दोन तासांनंतर, म्हणजे पेरलेल्या दोन ओळींनंतर, कडधान्याचा एक तास घेतला की वावरातले तण दबते, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. तिफणीच्या मागे बाई सरता (हाताने बी सोडायची नळी) धरून चालायची आणि ज्वारीच्या पेऱ्यातच मूग, उडीद किंवा तुरीचा तास पडत जायचा. ही रीत मागे पडली ती तिच्यात खोट निघाली म्हणून नव्हे. बैलजोड्या कमी झाल्या, सरता धरणारे हात मिळेनासे झाले आणि गावोगावच्या ट्रॅक्टरमागे जे पेरणीयंत्र आले त्याची बियाण्याची पेटी एकच सलग होती, त्यामुळे एका फेरीत दोन पिके पेरण्याची सोयच उरली नाही. पुढे सोयाबीन आणि कपाशीने खरीप ज्वारीची जागा घेतली आणि आंतरपिकाची घडी मोडली ती मोडलीच.

नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका शेतकरी गटाची अवजार बँक आहे आणि ती आता नेमकी हीच सोय भाड्याने देते. ज्वारी आणि कडधान्य यांची एकत्र पेरणी, त्यानंतर दोन डवरण्या (तासांमधले तण काढणारी कोळपणी) आणि कोणत्या जमिनीत कोणते आंतरपीक घ्यावे याचा सल्ला, असे या सेवेचे स्वरूप आहे. पेरणीचा दर एकरी 1,100 रुपये आणि प्रत्येक डवरणीचा एकरी 500 रुपये आहे. मागितल्यास बियाणेही मिळते, मात्र त्याचे पैसे वेगळे. कळमेश्वर तालुक्यातल्या आमच्या कोरडवाहू शेतावर गेल्या खरिपात ही सेवा घेतली. मध्यम काळी जमीन, विहीर आहे पण खरिपात तिचे पाणी द्यायचे नाही असे ठरवलेले, आणि निंदणाच्या (हाताने तण काढण्याच्या) खर्चाने ज्वारी परवडेनाशी झालेली, अशी आमची परिस्थिती होती. त्यामुळे या सेवेची पारख मी मुख्यतः तण या एकाच कसोटीवर केली आहे.

सुरुवात यंत्रापासून करतो, कारण या सेवेचे खरे मोल तिथे आहे. यंत्र सहा फणांचे आहे आणि प्रत्येक फणाला स्वतंत्र छोटी पेटी व तिच्यात तिरकी बसवलेली चकती आहे. अशा तिरकस चकतीच्या यंत्रांवर भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने बरेच काम केलेले आहे. चकतीच्या कडेला खाचा असतात आणि खाचेच्या मापाप्रमाणे एकेक दाणा उचलला जातो. ज्वारीची चकती वेगळी, मुगाची वेगळी, चवळीची त्याहून वेगळी. म्हणजे ज्या फणातून जे पीक हवे त्याची चकती त्या पेटीत बसवायची आणि तेच बियाणे त्या पेटीत भरायचे. सरत्याच्या पद्धतीत बाईच्या मुठीवर जे अवलंबून होते, ते येथे चकतीवर सोपवलेले आहे.

दोन फणांमधले अंतर सगळीकडे 30 सेंटीमीटर ठेवले होते. दोन तास ज्वारी आणि एक तास मूग असा क्रम धरला तर 90 सेंटीमीटरमध्ये ज्वारीचे दोन तास बसतात, म्हणजे सरासरी 45 सेंटीमीटरला एक. सलग, म्हणजे आंतरपीक नसलेल्या, ज्वारीसाठी शिफारस केलेले अंतरही हेच आहे. थोडक्यात, ज्वारीचे एकही ताट कमी न करता मुगाचा तास जास्तीचा मिळतो. कागदावर हे सोपे दिसते. वावरात मात्र एक बारीक अडचण उभी राहते आणि ती चालकाने विचारण्याआधीच समजावून सांगितली. "भाऊ, मूग मी दुसऱ्या अन् पाचव्या फणातच टाकतो. तिसऱ्या अन् सहाव्यात टाकला, तर परत येताना मुगाशेजारी मूग पडते अन् दुसरीकडे ज्वारी चिकटते."

त्याचे म्हणणे शब्दशः खरे आहे. ट्रॅक्टर धुऱ्यावरून (वावराच्या बांधावरून) वळून परत येतो तेव्हा यंत्राची उजवी बाजू मागच्या पट्ट्याला लागते आणि फणांचा क्रम उलटा होतो. ज्वारी, ज्वारी, मूग, ज्वारी, ज्वारी, मूग असा क्रम ठेवला, तर सहाव्या फणाचा मूग परतीच्या फेरीत पुन्हा सहाव्याच फणाच्या मुगाला भिडतो आणि त्यापुढच्या जोडावर ज्वारीचे चार तास एकत्र येतात. ज्वारी, मूग, ज्वारी, ज्वारी, मूग, ज्वारी हा क्रम मात्र दोन्ही बाजूंनी सारखाच वाचला जातो, त्यामुळे कोणत्याही दिशेने आले तरी दोन ज्वारी आणि एक मूग ही साखळी तुटत नाही. भाड्याने पेरणी करणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसते, किंवा ठाऊक असले तरी पेट्या बदलण्याचा कंटाळा येतो. या चालकाला ते ठाऊक होते आणि त्याने ते केले, यासाठी या सेवेला माझ्या लेखी सर्वांत वरचे गुण आहेत.

पेरणीपूर्वी यंत्राचे माप जुळवण्याचे कामही धुऱ्यावर माझ्यासमोर झाले. यंत्र जॅकवर उचलले, प्रत्येक नळीच्या तोंडाला छोटी पिशवी बांधली आणि चाक हाताने 15 वेळा फिरवले. चाकाचा घेर दीड मीटर, म्हणजे 15 फेऱ्यांत साडेबावीस मीटर. यंत्राची रुंदी 1.8 मीटर असल्यामुळे हे क्षेत्र जवळजवळ बरोबर एका एकराचा शंभरावा भाग होते. पिशव्यांतले बियाणे काट्यावर तोलले की ग्रॅमचा आकडा शंभराने गुणायचा आणि एकरी बियाणे किती पडणार ते कळते. आमच्या बाबतीत ज्वारीच्या चार नळ्यांमधून 30 ग्रॅम, म्हणजे एकरी 3 किलो, आणि मुगाच्या दोन नळ्यांमधून 20 ग्रॅम, म्हणजे एकरी 2 किलो असे माप हवे होते. पहिल्या खेपेला एका नळीत ज्वारी निम्मीच आली. चकतीच्या खाचांत बीजप्रक्रियेच्या औषधाचा थर बसला होता. तो ब्रशने साफ करून माप पुन्हा घेतले, तेव्हा चारही पिशव्या सारख्या भरल्या. ही तपासणी झाली नसती, तर प्रत्येक फेरीत एक तास विरळ पडला असता आणि वावराच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत त्या विरळ तासात तणाने आपली जागा धरली असती.

विरळ तासाला मी इतके महत्त्व देतो, याचे कारण या पद्धतीच्या मुळाशी आहे. ज्वारी सुरुवातीला हळू वाढते आणि पहिल्या तीस ते पंचेचाळीस दिवसांत तिला तणाची झळ सर्वांत जास्त लागते. त्या काळात दोन तासांमधली उघडी जमीन कोणीतरी झाकली पाहिजे. अनेक तणांच्या बारीक बियांना उगवायला उजेड लागतो आणि उगवलेल्या रोपालाही तो लागतोच. मूग, उडीद आणि विशेषतः चवळी ही पिके पाने लवकर पसरवून तो उजेड अडवतात. तूर हे काम करू शकत नाही, कारण पहिला दीड-दोन महिने ती स्वतःच ज्वारीपेक्षा हळू वाढते. ज्वारी अधिक तूर हे आपल्याकडचे प्रतिष्ठित आंतरपीक उत्पन्नासाठी उत्तम आहे, पण तणासाठी ते एकटे पुरत नाही. हैदराबादजवळ पटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत ज्वारी-तुरीच्या आंतरपिकावर प्रयोग झाले, तेव्हा त्यांत चवळी किंवा मूग मधल्या जागेत घेतल्यास तण दबते आणि हाताने करायच्या एका निंदणाचे काम त्यावर भागू शकते, असे दिसले होते. या पिकांना तिथे तण दडपणारे पीक म्हणूनच पाहिले गेले. सेवा देणाऱ्या गटाने आमच्यासाठी तुरीऐवजी मूग सुचवला आणि धुऱ्याकडच्या एका पट्ट्यात चवळी घेऊन पाहा असे सांगितले, त्यामागे हाच विचार होता.

तणनाशकाचा प्रश्न येथेच येतो. सलग ज्वारीत अनेक जण पेरणीनंतर लगेच अॅट्राझीन फवारतात. ज्वारी ते सहन करते, पण मूग, चवळी किंवा तूर मधल्या तासात असेल तर ती त्याने मरते. उलट कडधान्यात उगवणीनंतर वापरले जाणारे इमॅझेथापायर ज्वारीला मारते. दोन्ही पिके उगवल्यावर दोघांनाही चालेल असे औषध दुकानातून सहज उचलून आणता येत नाही. म्हणून या पद्धतीत तणाचा सगळा भार तीन गोष्टींवर येतो: तास सरळ असणे, पीक दाट आणि सारखे उगवणे, आणि डवरणी वेळेवर होणे. पहिल्या दोन गोष्टी पेरणीच्या दिवशी ठरतात. औषध विकत घेताना आंतरपीक आहे हे विक्रेत्याला ठणकावून सांगावे आणि शंका असल्यास नागपुरात महाराजबागेलगतच्या कृषी महाविद्यालयात विचारून घ्यावे, असा माझा आग्रह आहे. शेजारच्या वावरातून वाऱ्याबरोबर आलेला फवाराही आपल्या मुगाचा तास करपवू शकतो, त्यामुळे शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवावे.

आता प्रत्यक्ष शेतात काय दिसले ते सांगतो. तुलनेसाठी एक पट्टा मी सलग ज्वारीचा ठेवायला सांगितला होता आणि त्याच यंत्राने तो 45 सेंटीमीटरवर पेरून मिळाला. साधारण पाचव्या आठवड्यात दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध उभे राहिले की फरक नजरेत भरत होता. सलग ज्वारीत तासांमधली काळी माती अजून दिसत होती आणि तिच्यावर केना, माठ, दुधी आणि गाजरगवताची कोवळी रोपे दाटली होती. मुगाच्या पट्ट्यात पाने एकमेकांना भिडली होती. ती बाजूला सारून पाहिले तेव्हा खाली केना होता, पण पिवळसर, लांबट आणि फांद्या न फुटलेला. चवळीच्या पट्ट्यात तर जमीन पूर्ण झाकलेली होती. चवळीचे एक रोप मातीसकट उपटून पाहिले. मुळांवर गाठी भरपूर होत्या आणि नखाने फोडल्यावर आतून गुलाबी निघाल्या, म्हणजे नत्र बांधण्याचे काम चालू होते. बियाण्याला रायझोबियम (नत्र बांधणारे जिवाणू) लावलेले होते, त्याचा उपयोग झाला असावा. सलग ज्वारीला पुढे दोनदा निंदण करावे लागले. मुगाच्या भागात एकदाच झाले आणि तेही चालत-चालत, उंच निघालेले तण उपटण्यापुरते. आमच्या भागात निंदणाला बाईमाणसाची मजुरी दिवसाला 300 रुपयांच्या आसपास असल्यामुळे हा फरक थेट हिशेबात उतरतो.

चवळीबद्दल एक सावधगिरीची सूचना मात्र द्यायला हवी. गटाने दिलेले चवळीचे बियाणे वेल धरणाऱ्या प्रकाराचे निघाले. तणासाठी ती अप्रतिम ठरली, पण पोटरीत येणाऱ्या, म्हणजे कणीस बाहेर पडण्याच्या बेतात असलेल्या, ज्वारीवर ती चढली आणि वाऱ्या-पावसाच्या एका रात्री त्या पट्ट्यातली बरीच ताटे आडवी झाली. बुटकी, झुडपी चवळी हवी हे पेरणीपूर्वी ग्राहकाला सांगणे आणि तशीच देणे ही बियाणे विकणाऱ्याची जबाबदारी आहे. गटाने नंतर चूक मान्य केली आणि चवळीच्या बियाण्याचे पैसे परत केले. तरीही माझा सल्ला असा आहे की बियाणे स्वतःचे न्यावे आणि आधी उगवण तपासावी. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले की चार-पाच दिवसांत उत्तर मिळते. प्रमाणित बियाण्यासाठी ज्वारी आणि मूग दोन्हींची किमान उगवण 75 टक्के ठरवलेली आहे, त्याखाली गेलेले बियाणे या कामाला घेऊच नये. उडीद घ्यायचा असेल तर ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांच्या संयुक्त कामातून आलेला टीएयू-1 हा जुना वाण विदर्भात अजून चांगला मानला जातो.

सेवेतली मोठी उणीव जोडतासाची आहे. एका फेरीचा शेवटचा तास आणि परतीच्या फेरीचा पहिला तास यांच्यातही 30 सेंटीमीटरच अंतर पडले पाहिजे. यंत्राला खूण आखणारा आडवा दांडा आहे, पण तो वाकलेला होता आणि चालक बराचसा नजरेच्या अंदाजाने चालला. वावराच्या मध्यभागी त्याचा अंदाज उत्तम होता, उताराच्या बाजूला मात्र जोडतास कुठे 40, कुठे 50 सेंटीमीटरपर्यंत रुंदावला. आणि तण नेमके तिथेच माजले. मुगाची पाने त्या मोकळ्या पट्ट्यापर्यंत पोहोचेपर्यंत गाजरगवत ढोपराएवढे झाले होते. धुऱ्यावर वळताना यंत्र थोडे लवकर उचलल्यामुळे दोन्ही टोकांना हातभर जागा न पेरता राहिली, तीही तणाचीच झाली. एका दांड्याची दुरुस्ती आणि शेवटी धुऱ्याच्या कडेने दोन आडव्या फेऱ्या, एवढ्यावर ही उणीव भरून निघू शकते. एवढी अचूक चकती बसवणाऱ्या गटाने दांडा वाकलेला ठेवावा, हे मला खटकले आणि मी तसे त्यांना सांगितलेही.

दुसरी उणीव डवरणीच्या वेळेची. पहिली डवरणी पंधरा ते वीस दिवसांच्या दरम्यान ठरलेली होती आणि ती वेळेत झाली. बैलजोडीच्या डवऱ्याला सहा इंची पास (माती कापणारे पाते) लावली होती. बारा इंचाच्या तासात ती दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच सोडून चालते आणि मुगाच्या मुळांना धक्का लागत नाही. दुसऱ्या डवरणीच्या वेळी मात्र आठवडाभर झड लागली आणि वाफसा आल्यावर गटाकडे एकच जोडी असल्यामुळे आमचा क्रमांक शेवटी लागला. तोवर मूग पसरला होता आणि डवरा घालता येईना, म्हणून ती डवरणी रद्द करावी लागली. पावसावर कोणाचा इलाज नाही, हे मान्य. पण दोन डवरण्यांचे पैसे आगाऊ घेताना, एक झाली नाही तर पैसे परत मिळतील की नाही, याचा उल्लेख पावतीवर असायला हवा होता. पैसे मिळाले, पण मागावे लागले.

या सेवेकडून काय अपेक्षा ठेवू नये, हेही स्पष्ट करतो. ज्या वावरात लव्हाळा किंवा कुंदा मुरलेला आहे, तिथे मूग-चवळीची सावली अपुरी पडते. लव्हाळा जमिनीतल्या गाठींतून आणि कुंदा खोलवरच्या मुळकांड्यांतून पुन्हा-पुन्हा फुटतो. सावलीने त्यांचा जोर कमी होतो, पण ते संपत नाहीत. त्यासाठी उन्हाळ्यातली खोल नांगरट आणि वेचणी हाच मार्ग आहे. गटाने आमच्या शेजाऱ्याचे कुंद्याने भरलेले वावर पाहून पेरणी घेण्यास नकार दिला, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटला. ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुल्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याचे बी यजमान पिकाच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्याच्या खुणेवर उगवते, आणि आफ्रिकेत केनियाच्या बाजूला ज्वारी-मक्याच्या तासांमध्ये डेस्मोडियम हे द्विदल पीक घेऊन त्याचा बंदोबस्त करण्याची पद्धत यशस्वी झाली आहे. मूग त्या तोडीचे काम करील असे समजू नये.

जमिनीची खोलीही पाहावी लागते. बरड, हलक्या जमिनीत जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला की मधल्या तासातले पीक ज्वारीच्या वाट्याचे पाणी घेते आणि तण दबले तरी ज्वारी मागे पडते. नागपूर जिल्ह्यात पाऊस एकूण बरा असला तरी खंड पडतोच. अशा जमिनीत चवळी टाळून कमी पसरणारा, साठ-सत्तर दिवसांत निघणारा मूग घ्यावा आणि खंड लांबला तर तो हिरवळीचे खत म्हणून जमिनीत गाडण्याची तयारी ठेवावी. पेरणी उशिरा झाली तर ज्वारीवर खोडमाशी येते, म्हणून पुरेसा पाऊस होताच यंत्र मिळेल अशी नोंदणी मे महिन्यातच करून ठेवणे शहाणपणाचे ठरते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांचाच फोन या गटाकडे जातो.

पैशांच्या बाजूने पाहता, 2024-25 साठी मुगाचा हमीभाव क्विंटलला 8,682 रुपये आणि संकरित ज्वारीचा 3,371 रुपये होता. मुगाच्या एक तृतीयांश तासांमधून थोडे जरी मूग घरात आले, तरी पेरणीचा आणि एका डवरणीचा खर्च त्यातून निघतो, शिवाय वाचलेले निंदण आणि जनावरांना कडबा हा फायदा वेगळा. ऑगस्टअखेरीस शेंगा तोडणीला आल्या असताना पाऊस लागला तर मूग काळा पडतो, ही जोखीम मात्र धरून चालावी. रानडुकरे आणि पाखरे यांच्यापासून ज्वारी राखणे हा तर स्वतंत्रच खर्च आहे आणि तो या सेवेच्या आवाक्याबाहेरचा आहे.

ज्यांना तुरीचे उत्पन्नही हवे आहे, त्यांनी चालकाला दुसऱ्या फणात मूग आणि पाचव्या फणात तूर टाकायला सांगावे. फेऱ्या उलट-सुलट होत असल्यामुळे तुरीचे दोन तास एकदा 90 सेंटीमीटरवर आणि पुढचे 2.7 मीटरवर पडतात, मुगाचेही तसेच होते. हे अंतर विषम दिसते, पण मूग निघाल्यावर आणि ज्वारी कापल्यावर तुरीला फांद्या पसरायला दोन्ही बाजूंनी जागा मिळते. तुरीची चकती गटाकडे आहे, मी स्वतः पाहिली आहे. फक्त पेरणीच्या आदल्या दिवशी जाऊन खूण आखणारा दांडा सरळ केला आहे की नाही, तेवढे तपासून घ्यावे.